मावशीच्या रायफलीतली पुंगळी

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. एक गंज, नि दुसरे किस्से. गंजावर निदान रॉकेल चालतं. किश्शांवर काहीच चालत नाही. शिवाय आमच्या दुकानात दाजी बसतो, त्यामुळे एकाचे दोन व्हायला वेळ लागत नाही.

लोकांना वाटतं, बंदुकीचं दुकान म्हणजे शिकारीच्या थरारक गोष्टी! कसली शिकार नि कसलं काय! माझं दुकान कसालला, हायवेच्या कडेला, पंक्चरवाला नि झेरॉक्सवाला यांच्या मधे. माझ्याकडे येतात त्या पीक राखायच्या लायसनवाल्या बंदुका. डुक्कर आला, वांदर आले, की हवेत एक बार काढायचा, संपलं. जनावर पळतं, माणूस झोपतो. आणि दाजी म्हणजे एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. आयुष्यात बंदुकीचा चाप ओढलेला नाही, पण माझ्या बाकावर बसून गिऱ्हाइकांना सल्ला देतो. 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. दुकानात एकटा माणूस उभा असला तरी त्याला पुढे सरकवतो.

तर सगळ्यात जास्त किस्से दिले ते एकाच बंदुकीनं. कार्मेलीन मावशीच्या.

मावशी तिला रायफल म्हणते. आहे ती साधी एकनळी, बारा बोअरची. पण मावशीला सांगणार कोण? नवरा गेला, त्याच्यामागे वारसानं बंदूक हिच्या नावावर आली. कसालहून मालवणकडे जाताना आत वळलं की तिचा गाव. घराला लागून माड, केळी, थोडं सुरण. मुलगा लोरेन्स गोव्यात वास्कोला, बंदरावर नोकरीला. त्याचं एकच म्हणणं, "माय, वांदरांसाठी बाग करतंस तू. फ्लॅटात चल." गेल्या वर्षी वांदरांनी एक घड म्हणून ठेवला नाही. तेव्हा मायलेकांत पैज लागली. येत्या नाताळाला स्वतःच्या बागेतला केळीचा घड घरात टांगलेला दिसला, तर मावशी गावात राहणार. नाही दिसला, तर घराला कुलूप नि मावशी वास्कोला.

म्हणजे सगळं त्या बंदुकीवर आलं. आणि बंदुकीत पुंगळी अडकत होती!

* * *

पहिल्यांदा आली ती चतुर्थी झाल्यावर. रिक्षातून उतरली, हातात गोधडीत गुंडाळलेली बंदूक. रिक्षावाला समजला, आजारी नात आहे. सांभाळून उतरवा म्हणाला.

"बाबल," मावशी मला म्हणाली, "बार बरो होता. पण पुंगळी भायर येणा नाय."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बार झाला, बंदूक मधून उघडली, की रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं टरफल, बोटभर वर यायला हवी. ती उचलणारा एक छोटासा पोलादी ओठ असतो, त्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. पुंगळी वर आली की दोन बोटांनी ओढायची नि दुसरं काडतूस घालायचं. हिची पुंगळी आतच बसून राहायची. मग मावशी पुढून नळीत काठी घालून ठोकत बसायची.

"नि तोवर वांदर?" मी विचारलं.

"शिरां पडली त्यांच्या तोंडार! पयलो बार झालो की झाडार चढतत. मगे माका काठी शोधताना बगतत. काठी गावली की सावकाश खाली उतरतत. त्यांका म्हायत आसा, आता म्हातारी कामात आसा."

दाजी म्हणाला, "कार्मेलीनबाय, वांदर इतके हुशार नसतत हां."

"नसतत? काल काठी गावत नाय होती, तर एकान बोट करून दाखवल्यान!"

मी बंदूक ठेवून घेतली. चार दिवसांत देतो म्हणालो. चार दिवसांत! त्यावरून दाजी मला अजून चिडवतो.

* * *

नळी उजेडात धरली तर पलीकडचं धड काही दिसेना. वास घेतला. बारुदाचा वास मला झोपेतही ओळखता येतो, पण हा वास कुठल्या तरी म्हातारीच्या पायांचा होता!

दाजीनं हुंगून बघितलं नि म्हणाला, "अरे, ह्या मुठेल!"

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. टाचांना भेगा पडल्या की आम्ही लावतो. थंडाव्यात त्याचा दगड होतो. मावशीला फोन केला. तर ती उलट माझ्यावरच तापली.

"माझ्या पायाक लावतंय, तर घोवाच्या रायफलीक नको? खाऱ्या वाऱ्यान लोखंड गंजता, ता काय तू येवन पुसतलंस?"

नवरा गेल्यापासून रोज न चुकता ती नळीत बोटानं मुठेल भरत होती. प्रेमानंच की! पण थरावर थर बसून नळीचं आतलं तोंड अर्धं बुजलं होतं. पुंगळी बसायची ती मेणात पणती रुतावी तशी रुतून बसायची. मी गरम पाण्यानं नि चिंध्यांनी सगळं खरवडून काढलं. वाटीभर निघालं. टाकणार होतो, पण दाजीनं वाटी ओढून घेतली. बारुदाची काजळी मिसळून काळंकुट्ट झालं होतं, तरी त्यानं ते रोज टाचांना चोळलं.

आठवड्याभरात दाजीच्या टाचा गुळगुळीत झाल्या. काळ्या, पण गुळगुळीत! बंदूक मात्र होती तशीच. पुंगळी बाहेर येईना.

* * *

तेवढ्यात दसरा आला. दसऱ्याला आमच्या दुकानात शस्त्रपूजा. दुरुस्तीला आलेल्या सगळ्या बंदुका चटईवर मांडायच्या, हळद-कुंकू, झेंडू, सोनं वाहायचं. पूजा दाजी सांगतो. त्याला मंत्र येत नाहीत, पण आवाज आहे. मावशीची बंदूक उघडीच मांडलेली, कारण तिच्यावर काम चाललं होतं. दाजीनं लग्नात टाकाव्यात तशा मूठ मूठ अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी बघतो तर एक्स्ट्रॅक्टर जागचा हलेना. आत तांदूळ! आणि त्याच्या खाली ताजा गंज. मुठेल काढल्यावर गंज यायचा प्रश्नच नव्हता, मी स्वतः तेल लावलं होतं. मला काही कळेना. दाजीवर ओरडलो. दाजी म्हणाला, "तांदूळ माझे, गंज माझो नाय."

तेवढ्यात मावशी आली. मी विचारलं, मधे कोणी हात लावला होता का? तर म्हणे आदल्या आठवड्यात, मी जेवायला गेलेलो असताना, ती पाद्रीबाबांना घेऊन आली होती. दाजीनंच त्यांना पुढे सरकवलं. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला नि आयसमेतचं पाणी, म्हणजे त्यांचं तीर्थ हो, मावशीच्या आग्रहावरून चांगलं ओंजळभर शिंपडलं.

मी कपाळावर हात मारला. "मावशी, आता करू काय मी हिचा?"

मावशीनं उघड्या बंदुकीत वाकून बघितलं. "पाणी आमच्या पाद्रीबाबान घातल्यान, तांदूळ तुमच्या दाजीन घातल्यान. आता तू खालसून जाळ कर. पेज तरी होतली!"

* * *

पुंगळी अडकली की मावशी लोरेन्सला फोन करायची. मधे मधे मी बंदूक 'झाली' म्हणून द्यायचो, ती घरी नेऊन एक बार काढायची, पुंगळी अडकायची, की लगेच फोन. दिवसातून दोनदा, तीनदा. अडकलेली पुंगळी, पळालेले वांदर, परत आलेले वांदर, सगळ्याचा रिपोर्ट. लोरेन्स फोनवर भांडायचा नि शनिवारी मोटरसायकल काढून यायचा. पुंगळी ठोकून काढायचा, परत भांडायचा, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी ओरपायचा नि रविवारी संध्याकाळी जायचा.

एकदा त्याला नेमकं काय अडकलंय ते कळेना. म्हणाला, "माय, व्हिडिओ कॉल कर. दाखव माका."

मावशीनं केला. लोरेन्स कॅन्टीनमधे जेवत होता. फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला. दाखव म्हटल्यावर मावशीनं काय करावं? बंदूक उचलली नि नळीचं तोंड सरळ फोनच्या कॅमेऱ्यावर धरलं! तिला नळीच्या आतली पुंगळी दाखवायची होती हो. बंदूक उघडी होती, धोका कसलाच नव्हता. पण लोरेन्सच्या शेजारी बसलेल्या त्याच्या साहेबाला एवढंच दिसलं, की एक म्हातारी डोळा मिटून नेम धरतेय नि विचारतेय, "दिसता काय रे? सारखो बग!"

साहेब टेबलाखाली.

लोरेन्सनं त्याला हात धरून वर काढलं. "सर, ती माझी आई."

साहेबानं शर्ट झटकला, फोनकडे एकदा बघितलं नि हळू आवाजात विचारलं, "शनिवारी सुट्टी मागत होतास ना? घे. दर शनिवारी घे."

* * *

शेवटी मला दोष सापडला. मुठेल, तांदूळ, गंज हे सगळे वरवरचे. एक्स्ट्रॅक्टरचा ओठच झिजून बोथट झाला होता. पुंगळीच्या कडेखाली तो शिरायचाच नाही, नुसता घसरायचा. आता असा सुटा भाग या जुन्या बंदुकीला मिळतो कुठे? मलाच घडवायला हवा होता, आणि त्यासाठी पोलाद हवं होतं चांगलं. लोरेन्स म्हणाला, बंदरावरच्या वर्कशॉपातून एक तुकडा मागून आणतो.

दाजीनं त्याला छेडलं, "अरे, तू तर आवशीक न्यायला बसलंस. बंदूक सुधारली तर हरतलंस!"

"हरलंय तर हरलंय," लोरेन्स म्हणाला. "वायट बंदुकीन जिंकलंय तर ती माका जल्मभर ऐकवतली."

शनिवारी दुपारपर्यंत तो यायला हवा होता. संध्याकाळ व्हायला आली तरी पत्ता नाही. मग त्याचा फोन आला. वाटेतल्या कुठल्याशा नाक्यावर त्याला अडवलं होतं. मोटरसायकलची बाजूची पेटी बघितली, सीट काढून बघितली, जेवणाचा डबा उघडला. डब्यात पाव, खिशात रुमालात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा. बस्स! त्यांनी विचारलं हे काय? हा शहाणा म्हणाला, "आईच्या रायफलीसाठी." झालं! बसवून ठेवला बाकावर.

मी म्हटलं, फोन दे साहेबांना. माझं नाव, लायसन, दुकान सगळं सांगितलं. तिकडचा माणूस सज्जन होता, त्याला पटलं. पण एक गोष्ट त्याच्या गळ्याखाली उतरेना.

"मेस्त्री, तुमचं बंदुकीचं समजलं हो," तो म्हणाला. "पण पोरगा गोव्याहून येतोय, शनिवार आहे, आणि गाडीत एक बाटली नाही! मग संशय येणार नाही तर काय?"

* * *

नवा ओठ मी जीव लावून घासला. कानस, पॉलिशपेपर, परत कानस. बसवला, बंदूक उघडली, नि पुंगळी अशी अलगद वर आली की दाजीनं टाळ्या वाजवल्या. मला स्वतःचा भारी अभिमान वाटला. का वाटू नये?

मावशी बंदूक घेऊन घरी पोचते न पोचते तोच निवडणूक जाहीर झाली. निवडणूक आली की लायसनच्या बंदुका पोलीस स्टेशनला जमा करायच्या, हा नियम. ज्यांना बागाईत राखायची, त्यांनी निकाल लागेपर्यंत देवावर हवाला ठेवायचा. आणि केळीचे घड तेव्हाच भरत आलेले!

मावशी स्टेशनात गेली, सोबत मी. ठाणे अंमलदारांनी समजावलं, "आजी, आचारसंहिता आहे. सगळ्यांना सारखी."

ऑफिसात मावशी शुद्ध बोलते. पदर सारखा करून तिनं विचारलं, "सगळ्यांना म्हणजे वानरांनासुद्धा लागू आहे ना साहेब?"

साहेब हसले, चहा पाजला, पण बंदूक ठेवून घेतली. परत येताना रिक्षात मावशी रडली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, नवऱ्याच्या मयतालाही ती सगळ्यांच्या देखत रडली नव्हती. "माका त्या फ्लॅटात जावचा नाय रे बाबल," म्हणाली. "थंय खिडकी उघडल्यार दुसऱ्याची खिडकी." बंदूक माझ्या हातात असती तर काही केलं असतं, ती तर कपाटात कुलूपबंद.

मी लोरेन्सला फोन करून सांगितलं. मला वाटलं, पोरगा मनात खूश होणार, आयताच जिंकतोय. दुसऱ्या दिवशी तो हजर! सगळी शिल्लक रजा टाकून, सुतळी बॉम्बची पिशवी घेऊन. बागेत खुर्ची टाकून बसला, वांदर दिसला की बॉम्ब. मावशी त्याला तिथंच नाश्ता, तिथंच जेवण, तिथंच चहा. निकालाच्या दिवशी मी विचारलं, "काय रे, कोण निवडून इलो?"

"म्हायत नाय," तो म्हणाला. दोन्ही कानांत कापूस. "पण वांदरांचा डिपॉझिट जप्त."

* * *

बंदूक परत मिळाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दाजी नि मी मावशीकडे गेलो. नाताळ तोंडावर आलेला. लोरेन्स वास्कोला परत गेला होता. घड तयार, उतरवायचेच राहिले होते, नि वांदरांची अख्खी टोळी आंब्यावर येऊन बसली होती.

मावशीनं हवेत बार काढला. टोळी वर चढली. बंदूक उघडली, पुंगळी वर आली, दोन बोटांत धरून तिनं ती बाजूला टाकली. वांदर नेहमीप्रमाणे सावकाश खाली उतरायला लागले. एक तर शेपटी खाजवत, अगदी निवांत. तेवढ्यात दुसरा बार!

"त्यांची तोंडां बगलंस?" मावशी म्हणाली. "इतक्या वर्सांचो विश्वास मोडलो रे त्यांचो!"

मग तिसरा बार. त्याची काही गरज नव्हती. हौस!

नाताळाला घरात एक नाही, चांगले चार घड टांगलेले. लोरेन्सनं मुकाट्यानं हार मान्य केली. गूळ-नारळाचा दोदोल खाल्ला, आम्हाला केक दिला नि फ्लॅटाचा विषय काढला नाही. मावशी सगळ्या वाडीभर केळी वाटत फिरली. दाजीनं इतकी खाल्ली की दोन दिवस दुकानात आला नाही.

* * *

हे सगळं झालं नि महिना-दीड महिना गेला. एका शनिवारी दुपारी लोरेन्स माझ्या दुकानात आला. मोटरसायकल लांब, पंक्चरवाल्याकडे लावून, चालत आला. दाजी बाकावर पेंगत होता. त्याच्याकडे बघून लोरेन्सनं आवाज खाली आणला.

"बाबलकाका, एक काम होता. मायक कळता नये."

"बोल."

"ती रायफल परत होती तशी करशीत?"

माझं डोकंच सणकलं! म्हटलं, "मेल्या, आवस जिंकली म्हणान तुझ्या पोटात दुखता? माझा इतक्या दिवसांचा काम मातीत घालू? लाज नाय वाटत?"

"तसा नाय रे काका!" तो बाकाच्या कडेवर बसला. हेल्मेट मांडीवर घेऊन त्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "तिचो फोनच येणा नाय. आदी तीन तीनदा येय. 'लोरेन्स, पुंगळी अडकली, लोरेन्स, वांदर इले, शनवारी ये.' आता मी केलंय तर म्हणता, 'बरी आसंय, रायफल बरी चलता, तुका कामा असतली, ठेव.' काल मी इचारलंय, ह्या शनवारी येव? तर म्हणता, कित्याक? काय अडला नाय." त्यानं वर बघितलं. "मी तिका न्यायचा नाय म्हणतंय. रवांदे ती थंयच. पण मी काय सांगान येव, सांग माका."

दाजी जागा झाला होता. डोळे मिटलेलेच, पण घोरणं थांबलं होतं.

मी उठलो. कामाच्या टेबलावर गोधडी होती, ती बाजूला केली. खाली बंदूक.

लोरेन्स बघतच राहिला. दस्त्यावरची बापाच्या नावाची अक्षरं तो लांबूनही ओळखतो. "ही आमची? हंय कशी?"

"काल तुझी माय घेवन इली."

"कित्याक? परत बिघाडली काय?"

"नाय. चांगली चलता."

"मगे कित्याक आणल्यान?"

मी चष्मा काढून पुसला.

"तुका जा काम करून व्हया, ताच."